मंद आग म्हणजे सुरक्षित आग नव्हे

फायरप्लेसबद्दल एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: आग मंद ठेवली की धुरांडे सुरक्षित राहते. खरे तर धोका तिथेच वाढतो. हवा कोंडून लाकूड धुमसत ठेवले की ते अर्धवट जळते. त्या धुरात डांबरासारखी द्रव्ये आणि पाण्याची वाफ असते. धुरांड्यातला धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की ही द्रव्ये थंड भिंतींवर गोठून क्रिओसोटचा थर बसतो. आधी काजळीसारखा भुसभुशीत, मग चकचकीत आणि दगडासारखा कडक. हा थर स्वतःच जळणारा असतो. एखाद्या दिवशी मोठी ज्वाळा वर गेली की तो पेटतो, आणि आतले तापमान १,००० अंशांच्या वर जाऊ शकते. विटांना तडे जातात, लगतचे लाकडी वासे पेट घेतात.

म्हणून अधूनमधून भडका उडवून धुरांडे ‘साफ’ करण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका! २० टक्क्यांहून कमी ओलावा असलेले लाकूड, मोकळी हवा, लहान पण तेजस्वी आग, आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी व गरजेनुसार सफाई, हे करा.