पत्रा ठोकून गाडी निवडता व्हय?

परवा भाच्यासाठी गाडी बघायला सगळं घरच शोरूमला गेलं, पोरगं 19चं, लायसन्स नवंकोरं, रोज निपाणीहून बेळगावला कॉलेज म्हणजे तवंदी घाट आलाच. काकांनी आत शिरल्या शिरल्या बॉनेटवर बोटानं टकटक करून निकाल दिला, "पत्रा पातळ हाय, डबाच की ओ!" जाड पत्रा म्हणजे सेफ गाडी, हे मी लहानपणापासनं ऐकतोय.

तसं नसतंय. बाहेरचा पत्रा म्हणजे नुसतं कव्हर, मार सोसतो आतला सांगाडा. पुढचा भाग तर मुद्दाम चेपावा असाच बनवतात, तो चेपताना धडकेचा जोर खातो म्हणून केबिन शाबूत राहते, आणि काहीच चेपलं नाही तर तोच झटका आतल्या माणसाला बसतोय. बघायचंच तर भारत एनकॅपचे स्टार बघा की, म्हणजे गाडी मुद्दाम धडकवून सेफ्टीला देतात ते, 2023 पासून आहेत, समोरच्या धडकेची टेस्ट ताशी 64 किलोमीटरला घेतात. नव्या ड्रायव्हरला ईएससी पण पाहिजेच, वळणावर गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावतंय. एअरबॅग सहा असल्या तरी बेल्ट लागतोच.

काका मात्र येताना बेल्ट पाठीमागनं अडकवून बसलेले.