हितोरी दे देकिरु मोन!

लहान मुलांना स्वयंपाक शिकवणारा जपानी दूरचित्रवाणी कार्यक्रम. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या शैक्षणिक वाहिनीवर तो १९९१ ते २००६ या काळात चालला.

‘हितोरी दे’ म्हणजे एकट्याने, ‘देकिरु’ म्हणजे जमतं. शेवटचा ‘मोन’ हा पोरांच्या तोंडी शोभणारा शब्द. त्याला स्वतःचा असा अर्थ नाही, नुसता हट्ट आणि थोडी ऐट. बुटाची नाडी बांधायला आलेल्या आईचा हात झटकून आपल्याकडचं पोर ‘माझं मला येतं!’ म्हणतं, तोच हा सूर.

एनएचकेवर पाककृतींचे कार्यक्रम नवे नव्हते. ‘क्यो नो र्योरी’ (आजचा स्वयंपाक) १९५७ पासून सुरू होता, पण तो मोठ्यांसाठी. इथे सूत्रं मुलीच्या हाती आली. पहिल्या नायिकेचं नाव माइ. मराठी कानाला ते आजीबाईंचं वाटेल, पण ती होती शाळकरी पोर. मोठ्यांनी रांधायचं आणि मुलांनी शेजारी उभं राहून कोथिंबीर भुरभुरायची, असला प्रकार नव्हता; सुरी तिच्याच हातात असे.

या नावाला एक पार्श्वभूमीही आहे. आईवडील दोघंही कामावर, म्हणून घराची किल्ली जवळ बाळगणाऱ्या मुलांना जपानीत ‘कागिक्को’ म्हणतात. एकट्याने जेवण्याला ‘कोशोकु’ असा शब्द आहे आणि मुलांच्या कोशोकुची काळजी तिथे १९८०च्या दशकापासून व्यक्त होत होती. त्या चर्चेत ‘एकटं’ हा शब्द केविलवाणा होता. कार्यक्रमाने तोच उचलून मिरवायला लावला, हे त्याचं खरं कसब म्हणावं लागेल.

जपानमध्ये मुलांना चिरायला शिकवताना पहिला धडा असतो ‘नेको नो ते’, म्हणजे मांजराचा पंजा. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत मुडपायची, नखं लपवायची आणि सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकवून खाली आणायचं. बोट पात्याखाली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. (विळीवर हा पंजा कुचकामी: तिथे पातं जागचं हलत नाही, भाजीच दोन्ही हातांनी पुढे सरकवायची असते.) गाजर किंवा काकडी गडगडू नये म्हणून आधी एका बाजूने लांबट काप काढून ती बाजू सपाट करायची. भाजी चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं घातलं की पाट सरकत नाही.

२००५ साली जपानने ‘शोकुइकु’ म्हणजे आहारशिक्षणाचा कायदा केला. हा कार्यक्रम पुढच्याच वर्षी संपला, पण वाहिनीने हा प्रकार सोडला नाही. २००९ ते २०१३ या काळात ‘कुकिन आयडॉल आइ! माइ! माइन!’ आला. त्यात आधी ॲनिमेशनमधली गोष्ट, मग नायिका माइन प्रत्यक्ष ओट्यापाशी. ती भूमिका करणारी हारुका फुकुहारा सुरुवातीला दहा वर्षांची होती. २०२२ मध्ये ती एनएचकेच्याच सकाळच्या मालिकेत नायिका झाली. २०१३ मध्ये ‘सुसुमे! किचन सेन्ताइ कुक्कुरुन’ सुरू झाला. त्यातली मुलं खलनायकांशी लढतात आणि पदार्थही करतात.