साठीची बोटे आणि पुढची अक्षरे

रत्नागिरीतल्या एका पर्यटन निवासाची जाहिरात मध्यंतरी वाचनात आली: हिशेब आणि नोंदणीसाठी टंकलेखन येणारी व्यक्ती हवी, वय ३५ च्या आत. ज्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी जवळपास पाच टक्क्यांनी घटली आणि जिथे कर्ते पुरुष मुंबईला गेल्यामुळे २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या, तिथे पस्तिशीच्या आतला टंकलेखक हे लोक कोठून आणणार, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न विज्ञानाचा आहे: टंकलेखनाचा वयाशी संबंध किती?

केवळ वय पाहून माणसाची लायकी ठरवण्याच्या प्रवृत्तीला अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये नाव दिले. मराठीत आपण तिला वयभेद म्हणू. नाव नवे असले तरी ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे आधीपासूनच तयार होती. वयाच्या या रेषा किती मनाने आखलेल्या असतात ते पाहायचे असेल, तर तालुक्याच्या कोणत्याही गावी जावे. तहसील कचेरीतला कारकून राज्य सरकारचा म्हणून ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि टपाल कार्यालयातला कारकून केंद्राचा म्हणून ६० व्या. केंद्राचेही वय १९९८ पर्यंत ५८ च होते.

वाढत्या वयात माणूस मंदावतो, हे खोटे नाही. पडद्यावर खूण दिसली की ठरलेली कळ दाबायची, अशा साध्या चाचणीत साठीच्या माणसाला विशीच्या माणसापेक्षा सहसा जास्त वेळ लागतो. मग वयस्क टंकलेखक हळू टंकतात का? टिमोथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये १९ ते ७२ वयाच्या टंकलेखकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. वयस्कांची प्रतिक्रिया खरोखरच मंद होती, पण त्यांच्या टंकलेखनाचा वेग मात्र वयानुसार कमी झालेला नव्हता.

हे कोडे सोडवण्यासाठी आधी दुसरे एक कोडे सोडवावे लागते, आणि मला स्वतःला तेच अधिक आवडते. अक्षर पाहून कळ दाबण्याच्या चाचणीत या टंकलेखकांना दर वेळी सुमारे ५६० मिलिसेकंद लागत, परंतु सलग मजकूर टंकताना त्यांच्या दोन कळांमधले अंतर अवघे १७७ मिलिसेकंदांच्या आसपास होते. म्हणजे एका अक्षराला लागणाऱ्या वेळात तीन अक्षरे होत होती. स्लॅब पडताना घमेली हातोहात देणारी रांग आठवावी. एखादे घमेले खालून वर पोहोचायला बराच वेळ लागतो, तरीही वर दर क्षणाला एक घमेले रिकामे होत असते, कारण रांगेत एकाच वेळी अनेक घमेली असतात. टंकलेखकाचेही तसेच आहे: डोळा एक अक्षर उचलत असतो, मेंदू त्याच्या आधीच्या अक्षराची कळ ठरवत असतो आणि बोट त्याच्याही आधीच्या अक्षरावर पडत असते.

आता रांगेतला प्रत्येक हात थोडा संथ झाला असे समजा. वर पोहोचणाऱ्या घमेल्यांचा वेग टिकवायचा असेल, तर रांगेत आणखी माणसे उभी करून प्रत्येकाच्या वाट्याचे अंतर कमी करावे लागेल. वयस्क टंकलेखक नेमके हेच करत होते. त्यांचे डोळे तरुणांपेक्षा पुढची अक्षरे वाचत होते. सॉल्टहाउस यांनी पडद्यावर पुढची मोजकीच अक्षरे दिसतील अशी एक खिडकी ठेवली आणि ती अरुंद करत नेली, तेव्हा वयस्कांचा वेग आधी ढासळू लागला. पुढचे दिसणे हाच त्यांचा आधार होता.

अर्थात यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. सत्तरीपर्यंत हे काम करत राहिलेले लोक मुळात त्यात तरबेज असणार, आणि टंकलेखनात कमावलेली ही दूरदृष्टी पत्ते पिसताना उपयोगी पडेलच असे नाही. मात्र अनेक कार्यालयांत आलेल्या नव्या संगणकप्रणालींमध्ये एक रकाना भरल्याशिवाय पुढचा उघडत नाही, आणि मग ‘जुन्या लोकांना हे जमत नाही’ असा शेरा मारला जातो. माझ्या मते इथे खिडकीच अरुंद केलेली असते. संपूर्ण अर्ज एकदम दिसू द्यावा, आणि मग वेग मोजावा.

मेंदूला तल्लख करण्याचा दावा करणारी ॲप विकत घेण्याची, किंवा साठावे वर्ष लागले म्हणून संकट टाळण्यासाठी उग्ररथ शांत करण्याची यात काहीच गरज नाही. शांतीच्या निमित्ताने नातेवाईक जेवून जातात, एवढा तरी तिचा फायदा आहे. ॲपचा तोही नाही.

डोळ्यांची गोष्ट याहून सोपी आहे. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते. आपल्या भाषेने तर त्या चष्म्यालाच चाळिशी म्हटले आहे. शिवाय बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते, आणि साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. जर्मनीतल्या डिंगोल्फिंग येथील बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात २००७ मध्ये एका उत्पादन साखळीवर मुद्दाम सरासरी ४७ वयाचे कामगार नेमले गेले, आणि त्यांनाच विचारून लाकडी फरशी, टेकायला खुर्च्या, बारीक कामासाठी भिंगे असे सुमारे सत्तर लहान बदल करण्यात आले. वर्षभरात तिथली उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली. आपल्याकडे काजूगर सोलणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायका कित्येक ठिकाणी जमिनीवर मांडी घालून, पत्र्याच्या छपराखालच्या अंधुक उजेडात बसतात. त्यांना योग्य उंचीचे टेबल, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि हातावर पडणारा एक चांगला दिवा द्यायला जर्मनीइतका खर्च येणार नाही.