चप्पल पायातून निसटते तेव्हा

रक्ताच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलाची चाल एकदा मागून नीट पाहा. चवडा खाली लोंबतो, अंगठा उंबरठ्याला अडतो, चप्पल वाटेतच निसटते. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे, खाल्लं-प्यायलं की जाईल. बऱ्याचदा यामागे व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध असतं. कॅन्सरच्या पेशीला विभागताना ज्या सूक्ष्मनलिका लागतात, त्या हे औषध जुळू देत नाही. पण मज्जातंतूंची रसदही अशाच नलिकांवरून वाहते. सगळ्यांत लांबचे मज्जातंतू पावलांपर्यंत जातात, म्हणून पहिला फटका तिथे बसतो. चवडा उचलणारे स्नायू दुबळे होतात आणि पोटरी आखडत जाते.

याच उपचारांतल्या स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू झिजतात. मग जमिनीवरून उठताना मूल गुडघ्यांवर हात टेकतं. त्यात आपण मायेने म्हणतो, "पडून राहा, बाळा." तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात, त्यातला बराच काळ घरीच गोळ्यांवर जातो. एवढा काळ अंथरुणात काढला तर उरलीसुरली ताकदही जाते. कॅन्सर झालेल्या प्रत्येक मुलासाठी हालचाल महत्त्वाची आहे, असं 2021 मध्ये आलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेली कितीतरी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. तिथल्यासारख्या चटईभर जागेतही व्यायाम जमतो. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यायचा, टाच जमिनीला घट्ट चिकटवायची आणि सावकाश तीस आकडे मोजायचे. पोटरी ताणलेली जाणवली पाहिजे. मग आईचा हात धरून दारापर्यंत टाचांवर चालायचं. स्टुलावरून हात न टेकता उठायचं, बसायचं. केमोनंतर गळून गेलेल्या मुलाने पडल्यापडल्या पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ काढलं तरी घोट्याचा व्यायाम होतो, आणि मुलांना ते आवडतंही.

ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला की व्यायाम बंद आणि लगेच हॉस्पिटलला फोन. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 50,000 च्या खाली असतील तर उड्या, धक्काबुक्की, वजनं नकोत. फारच घसरल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. मांडीचा सांधा किंवा गुडघा दुखत असेल तर ताणू नका. स्टेरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, तेव्हा लंगडणं डॉक्टरांच्या कानावर घालाच.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा रिपोर्टची फाइल दाखवून झाल्यावर मुलाला फिजिओथेरपिस्टसमोर अनवाणी टाचांवर चालायला लावा.