दहा दिवसांचे मिशन : चर्चच्या अल्पकालीन परदेश दौऱ्यांची पार्श्वभूमी

चर्चमधली पंधरा-वीस माणसे आठ-दहा दिवसांसाठी एखाद्या गरीब देशात जातात. शाळेची भिंत बांधतात, मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगतात, दुभाषा हाताशी धरून लोकांचा रक्तदाब मोजतात आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या रविवारी उपासनेला आपापल्या बाकावर हजर असतात. याला शॉर्ट-टर्म मिशन ट्रिप म्हणतात. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनो यांनी २००५ मधल्या पाहणीवरून काढलेला अंदाज असा की एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख चर्चसदस्य अशा दौऱ्यावर परदेशी जातात. दक्षिण कोरिया, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथूनही तुकड्या निघतात. प्रोटेस्टंट मिशनच्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात हा प्रकार फार उशिरा आला. ज्यांनी त्या मिशनचा पाया घातला, त्यांच्या तो डोक्यातही आला नसता.

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ च्या जूनमध्ये इंग्लंडहून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये बंगालला पोहोचले. १८३४ मध्ये श्रीरामपूरला वारले. मधल्या ४१ वर्षांत एकदाही मायदेशी गेले नाहीत. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८२६ मध्ये पटकीने गेले. पाच महिने जहाजात काढून आलेला माणूस दहा दिवसांत परत जाणार कसा? आणि करणार काय? पहिली एक-दोन वर्षे तर भाषा शिकण्यातच जायची. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आठवड्यांवर आला, तरी अपेक्षा बदलली नाही. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन येथे प्रवचनकार ड्वाइट मूडी यांच्या उन्हाळी शिबिरात १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी लिहून दिली. पोरे विशीतली होती आणि बोलत होती ती उभ्या आयुष्याबद्दल.

छोट्या दौऱ्यांचे मूळ या परंपरेत शोधायला गेले तर फारसे हाती लागत नाही. ते सापडते दोन महायुद्धांनंतरच्या ढिगाऱ्यांत. पिएर सेरेझोल हे स्विस शांततावादी. १९२० मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये व्हर्दँजवळच्या एका उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांतले मूठभर स्वयंसेवक नेले आणि फावडी-कुदळी घेऊन घरे उभी करायला सुरुवात केली. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतली माणसे एकत्र राबली तर पुढची लढाई टळेल, अशी त्यामागची भाबडी म्हणा, उदात्त म्हणा, कल्पना. हेच सेरेझोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्येही स्वयंसेवक घेऊन आले होते. प्रवचन न देता अंगमेहनत करायची, काम संपले की घरी परतायचे, ही घडण अशा श्रमशिबिरांतली आहे. क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रेदरेन या शांततावादी पंथांनी ती उचलून धरली.

त्यातला सर्वांत अफलातून प्रयोग १९४५ ते १९४७ मधला. युरोपात गुरे-घोडे लढाईत संपले होते. नांगराला जनावर नाही, पोरांना दूध नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेने अमेरिकेतून घोडे, खेचरे आणि कालवडी जहाजांतून पाठवायचे ठरवले. पण भर समुद्रात त्यांची निगा राखणार कोण? चर्च ऑफ द ब्रेदरेनने आधीच कालवडी पाठवण्याची योजना सुरू केली होती. माणसे गोळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. सुमारे ७,००० जण गेले. त्यात शेतकरी होते, शिक्षक होते, पाळक (चर्चचे धर्मगुरू) होते आणि सोळा-सतरा वर्षांची शेतकऱ्यांची पोरेही होती. लोक त्यांना 'सीगोइंग काउबॉय' म्हणू लागले. हिंदकळत्या जहाजाच्या पोटात शेण उपसायचे, गवताच्या पेंढ्या आणि पाणी ओढायचे, आजारी घोड्याजवळ रात्र काढायची, मेलेले जनावर समुद्रात ढकलायचे. पोलंडला किंवा ग्रीसला पोहोचल्यावर बंदरात थोडे दिवस मोकळे मिळत. बॉम्बने भुईसपाट झालेली शहरे या पोरांनी तेव्हा पाहिली. मग त्याच जहाजाने परत, एकूण महिना-दोन महिन्यांत घरी. आजच्या दौऱ्याचे बहुतेक सगळे घटक इथे हजर आहेत. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की हे लोक गेले नसते तर जनावरे पोहोचली नसती.

मिशन मंडळे मात्र अजून वर्षांच्याच हिशेबात होती. युद्धानंतर अमेरिकन मेथडिस्टांनी नुकतेच पदवीधर झालेले तरुण जपानला शिकवायला पाठवले, ते तीन वर्षांसाठी. तीन वर्षे म्हणजे मंडळाच्या दृष्टीने अगदी थोडा काळ, आणि त्याबद्दलही जुन्या मिशनऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. जन्मभराचे काम करणाऱ्याला हंगामी माणूस कुठेही खुपतोच.

खरे वळण आले ते कॉलेजच्या सुट्टीमुळे. १९५७ च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या एका कॉलेजात शिकणारा जॉर्ज वर्वर दोन मित्रांसह ट्रकभर ख्रिस्ती सुवार्तेची पुस्तके घेऊन मेक्सिकोत गेला. पुढे यातून ऑपरेशन मोबिलायझेशन ही संस्था उभी राहिली. तिच्या गाड्या साठच्या दशकात युरोपातून खुष्कीच्या मार्गाने थेट भारतापर्यंत येत. लोरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये यूथ विथ अ मिशन काढली. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी १४६ तरुणांना बहामा बेटांवर आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेले. धर्मशास्त्राचे वर्षानुवर्षांचे शिक्षण नाही, मंडळाची नेमणूक नाही. इच्छा असेल त्याने यावे. प्रस्थापित चर्चना हे पचायला वेळ लागला. वर्वर आणि कनिंगहॅम दोघेही २०२३ मध्ये वारले, तोवर दोघांच्या संस्था जगभर पसरल्या होत्या.

त्यांच्या बाजूला काळही होता. १९५८ मध्ये पॅन अ‍ॅम या विमानकंपनीने बोइंग ७०७ हे जेट विमान अटलांटिकपार नेले. १९६१ मध्ये केनेडींनी पीस कॉर्प्स ही सरकारी स्वयंसेवक योजना सुरू करून परदेशात सेवा करणे ही तरुणांमधली प्रतिष्ठेची गोष्ट बनवली. १९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवले.

कॅथलिक बाजूला याच सुमारास जे घडले, ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत रंजक वाटते. १९६१ मध्ये व्हॅटिकनने अमेरिकेतल्या धर्मसंघांना सांगितले की आपल्या मनुष्यबळाचा दहावा हिस्सा लॅटिन अमेरिकेला द्या. क्युबातली क्रांती ताजी होती, खंड हातचा जाईल ही भीती होती. धर्मगुरू, जोगिणी, सामान्य स्वयंसेवक असा ओघ दक्षिणेकडे सुरू झाला. मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे त्यांना स्पॅनिश आणि स्थानिक रीतभात शिकवण्याचे केंद्र होते. ते चालवत होते व्हिएन्नात जन्मलेले धर्मगुरू इव्हान इलिच. आलेल्यांना तयार करण्यापेक्षा त्यांना परतीची वाट दाखवण्यातच त्यांना जास्त रस आहे, असे बोलले जाई, आणि ते फारसे खोटे नव्हते.

२० एप्रिल १९६८ रोजी इलिच यांना क्वेर्नाव्हाकामध्येच एका सभेत बोलायला बोलावले होते. समोर होते अमेरिका-कॅनडातून उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत कामाला जाणारे विद्यार्थी आणि त्यांचे संयोजक. इलिच यांनी त्यांना तोंडावर सांगितले की तुमचे हेतू चांगले असतील, पण त्यांचा इथे काही उपयोग नाही. तुम्हाला इथली भाषा येत नाही, म्हणून लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात तेही तुम्हाला कळत नाही. कामच करायचे तर आपल्या शहरातल्या गरीब वस्तीत करा. तिथले लोक तुम्हाला समजेल अशा भाषेत 'चालते व्हा' तरी म्हणू शकतील. मेक्सिकोला जरूर या, पाहायला या, शिकायला या, डोंगर चढा. मदत करायला मात्र येऊ नका. पाहुण्याने यजमानांच्या मांडवात एवढे सुनावल्याची उदाहरणे कमी. हे भाषण आजही दौऱ्यापूर्वीच्या प्रशिक्षणात वाचायला देतात आणि वाचून झाल्यावर तुकडी विमानात बसते.

तीनच वर्षांनी, १९७१ मध्ये, पूर्व आफ्रिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचे जॉन गाटू यांनी अमेरिकेतल्या एका मिशन मेळाव्यात परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा किमान पाच वर्षे थांबवण्याची मागणी केली. आमच्या चर्चला आपल्या पायावर उभे राहू द्या, एवढेच म्हणणे. याचा विचित्र परिणाम असा झाला की जुन्या मोठ्या पंथांनी पूर्णवेळ मिशनरी कमी केले आणि ती मोकळी जागा दोन आठवड्यांच्या तुकड्यांनी भरत गेली. दहा वर्षे राहणाऱ्या, भाषा येणाऱ्या माणसाबद्दल शंका काढली गेली. दहा दिवस राहणाऱ्याबद्दल तेवढी कोणी काढली नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकन चर्चमध्ये तरुणांसाठी वेगळा पगारी पाळक ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि उन्हाळी दौरा त्याच्या कार्यक्रमाचा भाग बनला. पैसे उभे करण्याची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. मुलगा किंवा मुलगी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना, जुन्या शिक्षकांना पत्र पाठवते: मला अमुक ठिकाणी जायचे आहे, प्रार्थना करा आणि जमल्यास हातभार लावा. शनिवारी चर्चच्या आवारात गाड्या धुतात, केक विकतात. देणगी चर्चच्या नावाने दिली जाते, त्यामुळे देणाऱ्याला करसवलत मिळू शकते. निघण्याच्या आधीच्या रविवारी सगळ्यांना पुढे बोलावतात, वडीलमंडळी खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. हे करताना उद्देशही हळूच सरकला. तिथल्या लोकांसाठी काय होईल याच्याइतकेच, पुढे पुढे त्याहून जास्त, आपल्या मुलांमध्ये काय बदल होईल हे बोलले जाऊ लागले.

हा बदल खरोखर होतो का, हे तपासायची संधी एका वादळाने दिली. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच चक्रीवादळाने होंडुरास झोडपून काढले. हजारो माणसे गेली, गावेच्या गावे वाहून गेली. उत्तर अमेरिकेतल्या चर्चच्या तुकड्या घरे बांधायला आल्या. होंडुरासमध्येच राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी नंतर दोन प्रकारची घरे ताडून पाहिली: परदेशी तुकड्यांनी बांधलेली आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधलेली. विमानभाडे धरून तुकडीच्या घरामागे सुमारे ३०,००० डॉलर पडले होते. स्थानिक संस्थेला तेच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये पडत होते. राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात मात्र घर कोणी बांधले याने काही फरक पडलेला दिसला नाही. गेलेल्यांचे काय? परतल्यावर आपण जास्त दान देतो, जास्त प्रार्थना करतो, असे बऱ्याच जणांनी सांगितले. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेच्या हिशेबात दानाची ती वाढ काही उतरली नव्हती.

दौऱ्यांचे समर्थक यावर म्हणतात की तो पैसा एरवी होंडुरासला गेलाच नसता. आजीने नातवाच्या तिकिटाला दिले, गवंड्याच्या मजुरीला दिले नसते. मुद्दा खरा आहे. पण मग तो खर्च नातवाच्या शिक्षणाचा आहे, घरबांधणीच्या खात्यात लिहू नये.

पुढच्या काही घटनांनी प्रश्न खर्चापलीकडे नेला. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका चर्चच्या २३ जणांना अफगाणिस्तानात कंदाहारच्या रस्त्यावर तालिबानने बसमधून पळवले. दोघांना ठार मारले, बाकीचे ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. कोरियन सरकारला थेट तालिबानशी बोलणी करावी लागली आणि देशात या चर्चवरच टीकेची झोड उठली. जानेवारी २०१० मध्ये हैतीतल्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या बाप्टिस्टांचा दहा जणांचा गट ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना पकडला गेला. ती अनाथ आहेत असे सांगण्यात आले होते. कित्येकांचे आई-बाप हयात निघाले.

अनाथाश्रमांना भेट हा या दौऱ्यांचा लाडका कार्यक्रम. त्याचे अर्थकारण उशिरा लक्षात आले: पाहुणे आणि देणग्या जिथे येतात तिथे मुलेही 'मिळवली' जातात. कंबोडियात पर्यटकांबरोबर अनाथाश्रम वाढले आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचा किमान एक पालक जिवंत होता. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने झालेल्या चौकशीत हा विषय ऐरणीवर आला. तेव्हापासून काही चर्चनी अशा भेटी बंद केल्या.

आचारसंहिताही आल्या, ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात आणि अमेरिकेत २००३ मध्ये. यजमान मंडळीने काम ठरवावे, पाहुण्यांनी तयारी करून यावे, परतल्यावर आढावा घ्यावा, असे त्यांचे साधारण स्वरूप. त्या ऐच्छिक आहेत. यजमान पाळकाची अडचण त्यांनी सुटत नाही. येणारी तुकडी म्हणजे वर्षभराचा संबंध, पुढची देणगी, कदाचित एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती. तिला 'भिंत आधीच रंगवून झाली आहे' असे तो सांगणार कसा? मेक्सिकोतले एक चर्च एकाच उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या गटांनी सहा वेळा रंगवल्याची नोंद आहे.

२०२० मध्ये महासाथीने विमाने थांबवली आणि दौरे बंद पडले. सीमा उघडल्यावर ते पुन्हा सुरू झाले. काही ठिकाणी आता स्थानिक गवंडी मजुरीवर ठेवतात आणि पाहुणे त्याच्या हाताखाली घमेली उचलतात. काही चर्च एकाच गावाशी वर्षानुवर्षे संबंध ठेवतात आणि तिथल्या लोकांनाही आपल्याकडे बोलावतात. तारखा मात्र अजून पाठवणाऱ्यांच्या शाळेच्या वेळापत्रकावर ठरतात, म्हणजे मुख्यतः जून आणि जुलै. मध्य अमेरिकेत मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. बांधकामाच्या तुकड्या नेमक्या तेव्हाच येतात.