पावसात रिक्षा का मिळत नाही?

गणपतीला आलेले चाकरमानी रत्नागिरी स्टेशनाबाहेर सामानासकट उभे असतात, वर पाऊस झोडपत असतो आणि रिक्षा दिसत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, "यांचं दिवसाचं सुटलं की हे चालले घरी." हे बोलणं रिक्षावाल्यांवर अन्याय करणारं आहे, असं मला वाटतं. पण एके काळी अर्थशास्त्रज्ञही जवळपास हेच म्हणत होते.

1997 मध्ये कॉलिन कॅमेरर, रिचर्ड थेलर आणि दोन सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांनी हाताने भरलेले फेऱ्यांचे कागद तपासले. शेवटी हिशोबात धरता आले ते दोन हजारांहूनही कमी. ज्या दिवशी ताशी कमाई चांगली, त्या दिवशी चालक लवकर काम थांबवतात, असं त्यातून दिसलं. चालक मनाशी रोजचा आकडा धरतो. तो गाठला नाही तर तोटा झाल्यासारखं वाटतं, गाठला की ओढ संपते, असा अर्थ त्यांनी लावला. माणसं पैशाचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात हे पाहणाऱ्या वर्तनात्मक अर्थशास्त्रासाठी थेलर यांना 2017 मध्ये नोबेल मिळालं.

हाताने लिहिलेल्या नोंदींत मात्र एक खोच असते. समजा, दहा तासांत हजार रुपये मिळाले, म्हणजे तासाला शंभर. कागदावर चुकून आठच तास लिहिले गेले, तर तासाला सव्वाशे दिसतात. म्हणजे कमाई जास्त, काम कमी! चालकाने काहीच केलेलं नसतं, भागाकारच फसवतो.

पुढे टॅक्सीत फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू झाली आणि वेळा यंत्रच नोंदवू लागलं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या हेन्री फार्बर यांनी 2009 ते 2013 या पाच वर्षांतल्या कोट्यवधी फेऱ्यांच्या नोंदी वापरून 2015 मध्ये निष्कर्ष मांडला: ताशी कमाई वाढली की बहुतेक चालक जास्त वेळ काम करतात. नवखे चालकही हे लवकर शिकतात. ज्यांना जमत नाही ते धंदा सोडतात.

आणि पाऊस? पावसात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर टॅक्सी खरोखरच कमी असतात. गिऱ्हाईक वाढतं, पण गाड्या तुंबतात, फेरीला वेळ लागतो आणि ताशी कमाई काही वाढत नाही. वर त्या पावसात गाडी हाकण्याचा त्रास. त्यामुळे काही जण घरी जातात.

आपल्या घाटीच्या, खड्ड्यांच्या रस्त्यांवर, रिक्षाचे प्लॅस्टिकचे पडदे सावरत हे गणित काय निघेल, हे कुणीतरी मांडायला हवं. त्यात स्टेशनावरून भाडं गावात सोडून रिकामं परत यायला लागणारा वेळही धरावा लागेल, आणि तो कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.