आकडे जुळले तरी चाक अडतं: कॅलिपर आणि रिममधली जागा

नव्या अलॉय व्हीलच्या मागच्या बाजूला आकडे कोरलेले असतात: १७ × ७.५, ५ × ११२, ईटी ४५. पहिल्या जोडीत चाकाचा व्यास आणि रुंदी इंचांत असते. दुसरीत नटांच्या भोकांची संख्या आणि ती भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. शेवटचा आकडा ऑफसेटचा, म्हणजे चाक गाडीच्या किती आत-बाहेर बसतं त्याचा. हे सगळं जुळलं की चाक गाडीला बसणार, असं बहुतेक जण धरून चालतात. मग चाक हबवर (गाडीचा जो फिरता मध्यभाग चाक धरतो त्यावर) चढवलं जातं, हाताने फिरवायला गेलं तर खर्रकन अडतं, किंवा हबला नीट टेकतच नाही. यात दुकानदाराची लबाडी असेलच असं नाही. टायर कुठे बसेल आणि नट कुठे येतील एवढंच हे आकडे सांगतात. चाकाच्या आतली पोकळी किती आणि कशा आकाराची आहे, हे त्यातला एकही आकडा सांगत नाही. ब्रेकचा कॅलिपर मात्र राहतो त्याच पोकळीत.

कॅलिपर म्हणजे डिस्कला, चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला, पकडणारा चिमटा. त्याची एक बाजू डिस्कच्या आत, दुसरी बाहेर, आणि दोन्हींना जोडणारा पूल डिस्कच्या कडेवरून जातो. पेडल दाबलं की तेलाचा दाब पिस्टनला रेटतो आणि पॅड, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, डिस्कवर आवळले जातात. जोरात ब्रेक मारताना हा दाब १०० बार धरला आणि पिस्टनचा व्यास ५४ मिमी असला, तर तो सुमारे २३,००० न्यूटन बळाने ढकलतो. दोन टनांहून अधिक वजनाचा हा भार झाला. तेवढ्याच बळाने चिमटा उघडू पाहतो. तो उघडू नये म्हणून पूल जाडजूड ओतलेला असतो, आणि रिमच्या सर्वांत जवळ येतो तो नेमका हाच भाग.

डिस्क मोठी असण्यालाही कारण आहे. १,५०० किलोची गाडी ताशी १०० किमी वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे ५८० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक मारून थांबताना तिची बहुतांश उष्णता ब्रेकमध्येच होते. डिस्क जड असेल तर ती कमी तापते, आणि व्यास मोठा असेल तर तेवढ्याच पकडीत गाडी रोखणारा टॉर्क (पीळ) जास्त मिळतो. त्यामुळे ताकदवान इंजिनाच्या गाडीला डिस्कही मोठी आणि कॅलिपरही मोठा. एकाच मॉडेलच्या साध्या गाडीचं १६ इंची चाक वरच्या व्हेरिएंटला लागेलच असं नाही ते यामुळेच, भोकं तंतोतंत जुळत असली तरी.

चाक दोन दिशांना अडू शकतं. पहिली दिशा त्रिज्येची: कॅलिपरचा पूल आणि रिमचा आतला पृष्ठभाग यांमधली फट. चाकाचा १७ इंच हा व्यास पोकळीचा नसतो, बाहेरच्या कडेचाही नसतो. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथलं ते माप आहे. त्याच्या आत रिमला एक खोलगट पन्हळ असते. टायरच्या कडेत पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही, म्हणून टायर चढवताना त्याची एक बाजू या पन्हळीत दाबावी लागते, तेव्हा कुठे दुसरी बाजू रिमवरून चढते. पन्हळीची खोली आणि धातूची जाडी दोन्हीकडून वजा केली की पोकळीचा व्यास चार सेंटिमीटरच्या आसपास घटतो. पन्हळ रिमच्या रुंदीत कुठे ठेवायची, हे प्रत्येक डिझाइनमध्ये वेगळं असतं. ती नेमकी कॅलिपरच्या पुलावर आली तर जागा संपते. थोडी बाजूला असली तर दुसरं १७ इंची चाक त्याच कॅलिपरवर मोकळं फिरतं.

दुसरी दिशा बाजूची, आणि जास्त फसवणूक इथे होते. कॅलिपरचा बाहेरचा चेहरा आणि चाकाच्या आऱ्यांची मागची बाजू यांमध्येही फट लागते. ऑफसेट म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा सपाट भाग यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ऑफसेट वाढला की चाक गाडीच्या आत सरकतं. पण आरे त्या सपाट भागापासून किती बाहेर आहेत, सरळ आहेत की बाहेरून आत वळलेले, हे ऑफसेट सांगत नाही. ईटी ४५ ची दोन चाकं शेजारी उपडी ठेवून पाहिली तर एकाचे आरे हबपासून लगेच बाहेर उचललेले दिसतात, दुसऱ्याचे सपाट पसरलेले. पहिलं कॅलिपरवरून निघून जाईल, दुसरं अडेल. शिवाय एकाच साच्यातल्या चाकाचे वेगवेगळे ऑफसेट पुष्कळदा मागचा सपाट भाग कमी-जास्त कातून काढले जातात. मोठ्या ऑफसेटसाठी जास्त कातलं की आरे तेवढेच मिलिमीटर कॅलिपरकडे सरकतात. एखाद्या गाडीवर एक चाक बसलेलं पाहून त्याच डिझाइनचं, पण दुसऱ्या ऑफसेटचं चाक घेणं म्हणूनच धोक्याचं.

दोन्ही बाजूंनी पिस्टन असलेल्या स्थिर कॅलिपरला बाहेरच्या पिस्टनसाठी जागा लागते, म्हणून तो आऱ्यांच्या दिशेने जास्त फुगलेला असतो. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो आणि पूर्ण कॅलिपर पिनांवर सरकतो. बाहेरचा पॅड झिजत जातो तसतसा कॅलिपर गाडीच्या आत सरकत जातो, म्हणजे आऱ्यांपासून दूर. झिजलेल्या पॅडवर मोजलेली फट त्यामुळे खोटा दिलासा देते. नवे पॅड आणि नवी डिस्क बसली की कॅलिपर पुन्हा बाहेर येतो, आणि काल फिरणारं चाक आज घासू लागतं. सरकत्या कॅलिपरवर बाजूची फट नव्या पॅडवरच मोजावी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

मग किती फट पुरे? साधारण ३ मिमी हा नेहमीचा हिशेब, आणि तो उगाच आलेला नाही. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या सुमारे २३ दशलक्षांश वाढतं. १५० मिमी लांबीचा कॅलिपर १५० अंशांनी तापला तर अर्धा मिमी त्यातच गेला. वळणावर टायरच्या ओढीने रिम किंचित वाकतो, बेअरिंगमध्ये थोडा ढिलेपणा असतो. त्यात रिमच्या आत चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांचीच जाडी काही मिलिमीटर असते. रिकामं चाक मजेत फिरतं, वजनं लावली की कॅलिपर ती खरवडून काढतो, आणि मग कंपनाचं कारण शोधत माणूस भलतीकडेच फिरतो. स्टिअरिंग वळवल्याने मात्र ही फट बदलत नाही, कारण हब आणि कॅलिपर एकाच स्टिअरिंग नकलवर, म्हणजे चाकामागच्या वळणाऱ्या ओतीव भागावर, बसलेले असतात आणि बरोबरच वळतात. टायर मडगार्डला लागतो का, ही वेगळी तपासणी.

मोजण्याच्या पद्धती साध्या आहेत. मोठे कॅलिपर विकणाऱ्या अनेक कंपन्या मूळ आकाराचा कागदी नमुना देतात. तो शंभर टक्के मापात छापायचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा आणि उपड्या चाकात हबच्या केंद्रावर ठेवून फिरवायचा. चाक हातात असेल तर कॅलिपरच्या उंच भागांवर मऊ मातीच्या गोळ्या लावाव्यात, चाक चढवून नट हलके आवळावेत, हाताने पूर्ण फेरा द्यावा, मग चाक काढून दबलेल्या मातीची जाडी मोजावी. चाक हबला टेकण्याआधी आरा कॅलिपरवर टेकत असेल तर नट ओढून चाक बसवू नका. गाडीचा भार चाक आणि हब यांच्या घट्ट दाबल्या गेलेल्या पृष्ठभागांवर असतो. ते टेकलेच नाहीत तर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंत नट आवळला की टिक वाजणारा पाना) टिकटिकला तरी नट पुढे सैल होतात.

बाजूची फट कमी असेल तर स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांमध्ये घालायची चकती, मदत करतो. त्रिज्येची फट कमी असेल तर तो जवळजवळ निरुपयोगी, कारण चाक बाहेर सरकलं तरी रिमचा आतला व्यास तेवढाच राहतो. स्पेसर लावताना आटे मोजावेत. १२ मिमी जाडीच्या, १.५ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर) स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यावर, नट किमान ८ फेरे गेला पाहिजे, आणि ५ मिमीचा स्पेसर त्यातले तीनहून अधिक फेरे खातो. हबच्या मधल्या ज्या गोल उंचवट्यावर चाक केंद्रित होतं, तोही स्पेसरमध्ये बुडतो. कॅलिपर ग्राइंडरने घासणं हा उपाय नव्हे. दोन टनांचं बळ पेलणारा तो पूल आहे. तो पातळ झाला तर दाबाखाली जास्त उघडतो आणि कधीतरी तडकतोही. अशा वेळी चाक बदलावं.

चाक बसल्यावर ५० ते १०० किमीनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे असतात. त्याच वेळी चाक काढून आत उजेड टाका. सलग, चकचकीत, गोल रेघ दिसली तर कॅलिपर लागतोय. तुटक, कमी-जास्त खोलीचे ओरखडे फटीत अडकलेल्या खड्यांचे असतात. रिम स्वच्छ असून फक्त बॅलन्सिंगचं वजन घासलेलं असेल, तर ते रिमच्या आतल्या कडेकडे, कॅलिपरच्या पट्ट्याबाहेर लावून चाक पुन्हा बॅलन्स करून घ्यावं.